रस्त्याचं भाडं मोजायचं कसं? टॅग, कॅमेरा, उपग्रह आणि आपली मुंबई

14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन. कारमागे 45 रुपये वाचले, लोक खूश झाले. पण तो टोल नेमका कशाचा होता, हे त्या गडबडीत कुणी फारसं विचारलं नाही. उड्डाणपुलांचा खर्च वसूल करायचा म्हणून नाके बसले होते. मुलुंडचा माणूस शेजारच्या ठाण्यात गाडी घेऊन गेला की परतताना नाक्यावर पैसे भरायचा. बोरिवलीहून नरिमन पॉइंटपर्यंत रोज एकटाच कार हाकणारा माणूस मात्र त्याच उड्डाणपुलांवरून जायचा आणि सी लिंक टाळला तर त्याला एक रुपयाही पडायचा नाही. रस्ता कोण किती वापरतो याच्याशी त्या टोलचा संबंधच नव्हता. शहराची हद्द ओलांडली की पैसे, एवढाच हिशेब.

हे असं का झालं? कारण तेव्हा हाताशी साधन एकच होतं: नाका, केबिन आणि पावती फाडणारा माणूस. माणूस उभा करायचा तर हद्दीवरच करावा लागतो, शहरातल्या प्रत्येक चौकात करता येत नाही. आता साधनं बरीच आहेत, त्यामुळे चर्चाही पुन्हा पुन्हा निघते. दिल्लीहून 'उपग्रहाने टोल' अशी घोषणा होते, मग 'तूर्त नाही' असा खुलासा येतो, आणि मधल्या काळात व्हॉट्सॲपवर अर्धवट माहिती फिरते. म्हणून ही यंत्रं चालतात कशी, आणि मुंबईसारख्या शहरात कुठे अडखळतात, ते जरा सविस्तर पाहू.

सुरुवातीला एक गोष्ट. रस्त्याचे पैसे आपण आजही सगळेच भरतो, पेट्रोल पंपावर. पेट्रोल-डिझेलच्या दरात रस्त्यांसाठीचा उपकर असतो. जास्त फिरला त्याने जास्त इंधन जाळलं, जास्त कर भरला. वसुलीसाठी वेगळं यंत्र नको, कॅमेरा नको, बुडवेगिरीला जागा जवळपास नाही. कर गोळा करणाऱ्याच्या नजरेतून याहून स्वस्त पद्धत सापडणार नाही. तिच्यात खोट दोन. पहाटे तीन वाजता रिकाम्या हायवेवर जाळलेलं लिटर आणि सकाळी साडेनऊला सायनच्या कोंडीत जाळलेलं लिटर तिला सारखंच. आणि दुसरी, विजेवरची गाडी पंपावर येतच नाही. ऑगस्ट 2025 पासून महाराष्ट्राने अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलही माफ केला आहे. आज अशा गाड्या थोड्या आहेत म्हणून चालतं. त्या वाढल्या की रस्त्यांचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न येणारच. जगभर सरकारं या विषयाकडे वळली त्यात कोंडीइतकंच हेही कारण आहे.

फास्टॅगच्या आत काय असतं

काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. एक नखाएवढीही नसलेली चिप असते आणि तिला जोडलेली धातूची पातळ पट्टी, तीच अँटेना. नाक्यावर वर लावलेला रीडर रेडिओ लहरी सोडतो. त्या लहरींतूनच चिपला जागं होण्यापुरती वीज मिळते, आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. बस, टॅगचं काम एवढंच. तुमचे पैसे टॅगमध्ये नसतात, तुमचं नावही नसतं.

पुढचा प्रवास बँकांचा. नाक्याने क्रमांक आपल्या बँकेला द्यायचा, तिने तो राष्ट्रीय देयक महामंडळाच्या यंत्रणेकडे पाठवायचा, तिथून तो तुमचा टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो आणि खात्यातून रक्कम वळती होते. यूपीआय चालवते तीच ही संस्था. फेब्रुवारी 2021 मध्ये राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला. सरकारी आकड्यांनुसार 2018-19 मध्ये नाक्यावर सरासरी 8 मिनिटं थांबावं लागायचं, ते 2020-21 मध्ये 47 सेकंदांवर आलं. खालापूरला शनिवारी सकाळी रांगेत उभे राहणारे या सरासरीवर हसतील, ते सोडा. फरक पडला हे खरं.

या पद्धतीचे दोष मात्र गमतीदार आहेत. टॅग गाडीला चिकटलेला असावा असा नियम, पण लोक तो डॅशबोर्डवर ठेवतात आणि नाका आला की हातात धरून दाखवतात. मग तोच टॅग दुसऱ्या गाडीत जातो. कारच्या नावाचा टॅग टेम्पोत लावला तर टोल कारचा कापला जाईल. ते पकडायला नाक्यावर वेगळं यंत्र असतं. गाडीची उंची आणि आस (ॲक्सल) मोजून ते ठरवतं की समोरून गेलं ते खरोखर काय होतं. अशा हातातल्या सुट्या टॅगना काळ्या यादीत टाकण्याचं फर्मान महामार्ग प्राधिकरणाने जुलै 2025 मध्ये काढलं, ते याचसाठी.

आणखी एक घोळ इथेच निस्तरून टाकू. 15 ऑगस्ट 2025 पासून 3000 रुपयांचा वार्षिक पास सुरू झाला, वर्षभर किंवा 200 फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, सी लिंक हे सगळे राज्याच्या संस्थांचे रस्ते, तिथे हा पास चालत नाही. टॅग एकच, काचेवरची जागा एकच, पण मागचे मालक वेगळे. पास काढून पुण्याला निघालेल्या अनेकांना हे खालापूरला कळलं.

दांडा काढून टाकला तर

47 सेकंदसुद्धा कशासाठी थांबायचं? आडवा दांडा काढा, रस्त्यावर लोखंडी कमान उभारा, तिच्यावर रीडर आणि कॅमेरे लावा, गाड्या वेगात खालून जाऊ द्या. अटल सेतूवर असंच आहे. जानेवारी 2024 मध्ये हा 21.8 किलोमीटरचा पूल उघडला तेव्हापासून तिथे 'ओपन रोड टोलिंग' आहे. गुजरातेत राष्ट्रीय महामार्ग 48 वरच्या चोर्यासी नाक्यासाठी अशाच दांडाविरहित वसुलीचा करार 2025 मध्ये झाला.

दांडा गेला की कॅमेऱ्याचं महत्त्व एकदम वाढतं. टॅग वाचला गेला नाही, टॅग नव्हता, खात्यात पैसे नव्हते, अशी प्रत्येक गाडी नंबरप्लेटवरूनच ओळखावी लागते. कॅमेरा फोटो काढतो, संगणक त्यातला पाटीचा तुकडा शोधतो, अक्षरं वेगळी करतो, ओळखतो. लंडनने 17 फेब्रुवारी 2003 ला शहराच्या मध्यभागात येणाऱ्या गाड्यांवर 5 पौंडांचं शुल्क लावलं ते निव्वळ कॅमेऱ्यांच्या भरवशावर. गाडीत काहीही बसवायचं नाही. स्टॉकहोमने 2006 च्या चाचणीत गाड्यांना टॅगही दिले होते. पुढे लक्षात आलं की कॅमेरे पाट्या इतक्या नीट वाचतात की टॅगची गरज नाही, आणि टॅग बंद केले.

आता हे मुंबईत आणा. आपल्याकडे 4141 हा आकडा 'दादा' असा वळवून लिहिण्याची, 8055 चा 'बॉस' करण्याची कला आहे. पाटीवर गणपती असतो, पक्षाचं चिन्ह असतं, ट्रकच्या पाटीवर चिखल असतो. मोटार वाहन नियमांत इंग्रजी अक्षरं आणि ठरलेल्या मापाचे आकडेच बसतात, पण नियम आणि पाटी यांची भेट क्वचित होते. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी, जुन्या गाड्यांनाही लावा म्हणून जो तगादा चालला, मुदतीमागून मुदती मिळाल्या, त्याच्याकडे लोकांनी 'आणखी एक खर्च' म्हणून पाहिलं. माझ्या मते दांडाविरहित टोलची ती पहिली पायरी आहे. सगळ्या पाट्या एका साच्यातल्या झाल्याशिवाय कॅमेऱ्यावर पैशांचा व्यवहार सोपवता येत नाही. शंभरातल्या दोन गाड्या चुकीच्या वाचल्या तर रोज हजारो लोकांना न केलेल्या प्रवासाची बिलं जातील.

उपग्रह तुम्हाला पाहत नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. 'उपग्रह वरून गाडीवर नजर ठेवणार' असं लोक म्हणतात. तसं नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून फक्त एक संदेश सतत प्रसारित करतात: मी अमुक उपग्रह, मी इथे आहे, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. आकाशवाणी केंद्राला जसं कुणी रेडिओ लावलाय हे कळत नाही, तसं उपग्रहाला कोण ऐकतंय हे कळत नाही. 'नाविक' या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेचे उपग्रह त्याहून उंचावर, साधारण 36,000 किलोमीटरवर आहेत, पण पद्धत तीच.

हिशेब गाडीतलं यंत्र करतं. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी यातला फरक गुणिले प्रकाशाचा वेग, म्हणजे त्या उपग्रहापासूनचं अंतर. अशी निदान चार अंतरं मिळाली की जागा सापडते. जागा दर काही सेकंदांनी नोंदवली, नकाशावरच्या रस्त्यांशी जुळवली, की किती किलोमीटर कुठल्या रस्त्यावर झाले ते कळतं. ही माहिती टोल कंपनीकडे जाते ती उपग्रहातून नाही, यंत्रातल्या सिमकार्डातून. म्हणजे नजर ठेवायचीच असेल तर ती हे सिमकार्ड ठेवेल. खासगीपणाचा प्रश्न विचारायचा तो त्या माहितीच्या मालकाला विचारायचा.

मोकळ्या आभाळाखाली हे उत्तम चालतं. जर्मनीने 1 जानेवारी 2005 पासून महामार्गांवरच्या 12 टनांपुढच्या ट्रककडून असा किलोमीटरप्रमाणे टोल घ्यायला सुरुवात केली. ठरलं होतं 2003 च्या ऑगस्टमध्ये. यंत्रं चालेनात म्हणून सोळा महिने उशीर झाला. उशीर फक्त आपल्याकडेच होतो असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुंबईचं आभाळ मात्र मोकळं नाही. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात 30 सेंटिमीटर जातो. उपग्रहाचा संदेश लोअर परळच्या काचेच्या टॉवरवर आपटून आला आणि त्याला 30 मीटरचा वळसा पडला, तर यंत्र ते अंतर खरं धरतं आणि गाडी शेजारच्या गल्लीत दाखवतं. पश्चिम द्रुतगती महामार्गावर अंधेरीच्या पुढे डोक्यावर मेट्रो आहे. कोस्टल रोडवर मलबार हिलच्या पोटात दोन किलोमीटरचे बोगदे आहेत, तिथे आभाळच नाही. बोगद्याचं एकवेळ भागतं: आत शिरली ती बाहेर पडणारच, मध्ये फाटा नाही.

खरी पंचाईत उड्डाणपुलांची. मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जे. जे. उड्डाणपूल गेला आहे. नकाशावर दोन्ही रेषा जवळपास एकमेकींवर पडतात. उपग्रहावरून उंची काढता येते, पण जमिनीवरच्या जागेपेक्षा उंचीचा अंदाज नेहमीच ढोबळ निघतो, आणि दोन्ही बाजूंना इमारती असल्या की आणखीच. वरच्या रस्त्याला दहा रुपये आणि खालच्याला शून्य असा दर ठेवला तर यंत्र रोज चुकेल. आपल्या फोनमधला नकाशाही अशा ठिकाणी बावचळतो, पण तो चुकला तर आपण हसतो. बिल चुकलं तर हसणार नाही. यावर उपाय म्हणजे अशा जागी खाली-वर छोटे रेडिओ खांब लावायचे, जे गाडीला सांगतील की तू कुठल्या रस्त्यावर आहेस. म्हणजे पुन्हा कमानी आल्या, ज्या वाचवण्यासाठी उपग्रह आणला होता.

केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्क नियमांत बदल करून उपग्रहावर आधारित टोलला जागा करून दिली. असं यंत्र असलेल्या गाडीला दिवसाला प्रत्येक दिशेला 20 किलोमीटरपर्यंत टोल नाही, अशी तरतूद त्यात आहे. मुलुंड-ठाण्याच्या रहिवाशाला नाक्यावर जे हवं होतं ते नेमकं हेच. पण एप्रिल 2025 मध्ये '1 मेपासून उपग्रह टोल' अशा बातम्या पसरल्या तेव्हा केंद्रीय रस्ते मंत्रालयाला खुलासा करावा लागला की असा निर्णय झालेला नाही, काही नाक्यांवर कॅमेरा आणि फास्टॅग यांची जोडी वापरून दांडा काढण्याचं काम होईल. समृद्धीसारख्या रस्त्यावर तर अंतराप्रमाणे टोल उपग्रहाविनाही घेता येतो: कुठून चढलात, कुठे उतरलात, दोन ठिकाणी टॅग वाचला की झालं.

थोडक्यात दोन साधी साधनं

गाडीचं मीटर वाचणं हाही एक मार्ग. न्यूझीलंडमध्ये 1978 पासून डिझेल गाड्या 1000 किलोमीटरच्या हिशेबाने रस्त्याचा परवाना आगाऊ विकत घेतात, आणि एप्रिल 2024 पासून इलेक्ट्रिक गाड्याही घेतात. कुठे फिरलात ते कुणी विचारत नाही, किती फिरलात एवढंच. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवण्याची जी परंपरा आहे ती पाहता यावर जास्त लिहिण्याची गरज नाही. मोबाइल ॲपचंही तसंच. फोन घरी ठेवून निघालं की प्रवास फुकट.

न भरणाऱ्याचं काय

यंत्र विकायला आलेली कंपनी आपल्या यंत्राची अचूकता सांगते. मला वाटतं तिला वेगळाच प्रश्न विचारायला हवा: ज्याने पैसे भरले नाहीत त्याच्याकडून ते कसे येणार? दांडा होता तेव्हा याचं उत्तर दांड्यातच होतं. दांडा काढला की नोटीस पाठवावी लागते, आणि नोटिशीचा अनुभव आपल्याला ई-चलानमध्ये आहे. मालकाचा पत्ता जुना, मोबाइल क्रमांक पहिल्या मालकाचा, दंड साठत जातो आणि मग लोकअदालतीत सवलतीत मिटवण्याची वाट पाहिली जाते. हजार रुपयांच्या दंडाची ही गत, तर पन्नास रुपयांच्या टोलमागे कोण धावणार? वसुलीचा खर्च वसुलीहून जास्त होईल. थकबाकी असेल तर गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र किंवा विक्रीची ना हरकत अडवून ठेवणं, हा त्यातल्या त्यात परिणामकारक उपाय आहे. पण त्यासाठी टोलची यंत्रणा आणि आरटीओची नोंद यांचा मेळ बसायला हवा, आणि चुकीचं बिल आलेल्याला दाद मागायला खिडकी हवी.

माहितीचंही तसंच आहे. हाँगकाँगने 1983 ते 1985 या काळात गाड्यांखाली इलेक्ट्रॉनिक पाट्या बसवून चाचणी घेतली. यंत्रणा चालली, पण लोक म्हणाले की सरकारला आमचं येणं-जाणं कळेल, आणि योजना बासनात गेली. सिंगापूरने 1998 मध्ये यातून हुशारीने वाट काढली. गाडीतल्या यंत्रात पैसे भरलेलं कार्ड घालायचं, कमानीखालून गेलं की कार्डातूनच रक्कम कापली जायची. पैसे मिळाले की विषय संपला, कुणाच्या खात्यात नोंद नको. जर्मनीने कायद्यातच लिहिलं की टोलची माहिती टोलशिवाय कशालाही वापरायची नाही. आपल्या फास्टॅगचा प्रत्येक नाका, प्रत्येक वेळ, बँकेच्या विवरणात लिहिली जाते. याची चर्चा आपल्याकडे जवळपास होत नाही.

मुंबईला यातलं काय बसेल

उद्या कोंडी कमी करण्यासाठी शुल्क लावायचं ठरलं, तर मुंबईचा भूगोल मदतीलाच येईल. दक्षिण मुंबई म्हणजे जुनं बेट. उपनगरांतून तिथे शिरायच्या वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या: सी लिंक, माहीम कॉजवे, धारावी, सायन, चेंबूरकडून येणारा फ्रीवे, आणि आता शिवडीला उतरणारा अटल सेतू. लंडनला शेकडो ठिकाणी कॅमेरे लावावे लागले. इथे थोड्या कमानी पुरतील. टॅग बहुतेक कारवर आहेतच. वेळेप्रमाणे दर बदलणं हा संगणकातला एक तक्ता आहे. सकाळी जास्त, दुपारी कमी, रात्री काहीच नाही. उपग्रह, सिमकार्ड, गाडीत नवं यंत्र, यातलं काहीच लागणार नाही. स्टॉकहोममध्ये असं शुल्क लावल्यावर सीमेवरून जाणारी वाहतूक सुमारे पाचव्या हिश्शाने घटली, आणि चाचणी संपल्यावर शहराने सार्वमतात ती पद्धत राखायला कौल दिला.

तिथली बससेवा मात्र त्या चाचणीआधी वाढवली होती. इथे बेस्टच्या गाड्या कमी होत असताना कारवाल्याला 'बसने जा' म्हणणं अवघड आहे, आणि साडेआठच्या विरार फास्टमध्ये चढून दाखवा असं तो उलट म्हणेल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ते शुल्क कुणी भरायचं? सी लिंकवर ते प्रवासीच भरतो. मग दिवसातून दहादा सीमा ओलांडणाऱ्या टॅक्सीचे दहादा पैसे, की एकदाच? टॅगला दोन्ही जमतं, ठरवायचं माणसांना आहे.

आणि दुचाकी. मुंबईतल्या नोंदणीकृत वाहनांत निम्म्याहून जास्त त्या आहेत. त्यांना काच नाही म्हणून टॅग नाही, पाटी छोटी आणि मागे एकच धरून चालावी अशी, आणि महामार्गांवर त्यांना टोल माफ असल्याने पैसे भरायची सवयही नाही. सिंगापूरने 1998 मध्येच मोटारसायकलींना हँडलजवळ यंत्र बसवलं आणि त्यांच्याकडून कारच्या निम्मा दर घेतला. मुंबईत कारवर शुल्क लावून दुचाकीला सोडलं, तर पहिल्या महिन्यात कारवाल्यांपैकी किती जण स्कूटर घेतील, हा हिशेब कमानीचं टेंडर काढण्याआधी करावा लागेल.